घोरणारा झोपतो, जागी कोण राहते?

(पिंपळगाव राजा येथे संघाच्या मासिक बैठकीत एका गटाचा हिशेब लिहिणाऱ्या ताईंनी केलेलं भाषण. बैठकीला न आलेल्या मैत्रिणींसाठी त्यांनीच ते लिहून दिलं आहे.)



मागच्या बैठकीत अध्यक्षताईंनी विचारलं, पुढच्या वेळी आरोग्यावर कोण बोलणार? मी हात वर केला. विषय सांगितला, तर निम्म्या जणी तोंडाला पदर लावून हसल्या. हसा बाई. मीसुद्धा पुष्कळ वर्षं ही गोष्ट हसण्यावारीच नेली. पण हसून झालं की एक सांगा, तुमच्यापैकी कोणाकोणाच्या घरी घोरणारं माणूस आहे? करा हात वर. बघा, खाली राहिलेले हातच मोजायला सोपे आहेत.

माझी गोष्ट सुरू होते ती गटाच्या वहीपासून. नऊ वर्षं मी आमच्या गटाचा हिशेब लिहिते. दोन वर्षांमागं एका महिन्यात वहीतली शिल्लक बँकेच्या पासबुकापेक्षा 600 रुपयांनी जास्त निघाली. गटात पैशाचा फरक आला म्हणजे काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण दोघी जणी चहा न घेता उठून गेल्या. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मग सहयोगिनीताई माझ्यासोबत बसल्या, एकेक पान तपासलं. सहा जणींची शंभर-शंभर रुपये बचत मी एकदा जमा धरली होती, आणि पान उलटल्यावर तीच परत जमा धरली होती. पैसे कुठं गेले नव्हते. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

ताईंनी मला बाजूला घेतलं. घरी काही आहे का? मी म्हटलं, नाही हो. मग? झोप होत नाही. का होत नाही? मी खाली बघून सांगितलं, "आमचे हे लय घोरतात." आणि सांगताना मलाच लाज वाटली. नवरा मारत नाही, कमावतो, पोरांची फी भरतो. रात्री आवाज करतो, ही काय तक्रार झाली?

आमचं घर दोन खोल्यांचं. हे पिकअप गाडी चालवतात, कधी कापूस, कधी भाजीपाला, खामगाव नाहीतर मलकापूर. घरी आले, जेवले, पाठ टेकली की पाच मिनिटांत डाराडूर. पिठाच्या गिरणीसारखा आवाज. भिंतीपलीकडं पोरगी दहावीचा अभ्यास करायची, ती कानावर उशी धरून बसायची. मी हलवलं की कूस बदलायचे, थोडा वेळ बरं, की पुन्हा सुरू. सकाळी सांगितलं की म्हणायचे, "म्या कुठं घोरतो? तूच सपनात ऐकत असशीन." त्यांचंही खरंच होतं म्हणा. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. ते ऐकायला दुसरं कोणी जागं लागतं.

मधेच तो आवाज बंद व्हायचा. एकदम गप्प. खरं सांगते, मला त्या शांततेनं बरं वाटायचं. वाटायचं, चला, आता आपलाही डोळा लागेल. तेवढ्यात ते घुसमटल्यासारखे मोठ्यानं श्वास ओढायचे, दचकून हलायचे, आणि गिरणी परत चालू. त्या गप्प झालेल्या वेळात माणूस श्वासच घेत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ज्याला आराम समजत होते तीच धोक्याची वेळ होती.

हे कसं होतं ते मला डॉक्टरांनी सांगितलं तसं सांगते. आपण झोपलो की अंगातले सगळे स्नायू सैल पडतात, तसे घशातलेही पडतात. श्वासाची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना मऊ टाळू आणि पडजीभ फडफडते, वाऱ्यानं ताडपत्री फडफडावी तशी. तेच घोरणं. उताणं झोपलं की जीभ मागं पडते, म्हणून आवाज वाढतो. दारूनं स्नायू आणखी सैल पडतात. बिडी-सिगारेटच्या धुरानं घशाला सूज राहते. नाक चोंदलेलं असलं, नाकातलं हाड वाकडं असलं, टॉन्सिल मोठे असले, गळ्याभोवती चरबी असली, तरी वाट आवळते. सडपातळ माणूस घोरत नाही असं मात्र नाही. जबडा बारीक असला की तोही घोरतो.

पुष्कळांचं घोरणं एवढ्यावरच राहतं. त्रास शेजारच्याला, घोरणाऱ्याला काही नाही. पण काही जणांची ती वाट अरुंद होत होत पूर्ण बंद पडते. छाती वरखाली होते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, तेव्हा श्वास सुटतो. माणसाला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. निदान दहा सेकंद श्वास थांबला तर तो एकदा मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी वेळा होत असेल तर चिंता नाही, तीसच्या वर गेलं तर आजार भारी समजायचा. आमच्या ह्यांची तपासणी झाली तेव्हा आकडा निघाला 41. तासाला 41 वेळा! म्हणजे दीड मिनिटाला एकदा त्यांचा जीव गुदमरत होता, आणि मी शेजारी पडून चिडत होते.

रात्रभर असं झालं तर हृदयावर ताण येतो, बीपी चढतं. ह्यांना बीपीच्या दोन गोळ्या चालू होत्या, तरी आकडा खाली येत नव्हता. डॉक्टर विचारायचे, मीठ कमी केलं का, गोळी वेळेवर घेता का. झोपेचं कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. बप्पी लाहिरी आठवतात ना, गळाभर सोनं घालून गाणारे? 15 फेब्रुवारी 2022 ला ते मुंबईत वारले, वय 69. तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या आजारांत याच झोपेतल्या श्वासाच्या आजाराचं नाव सांगितलं होतं. मी ती बातमी टीव्हीवर पाहिली होती. पाहिली आणि भाकरी थापायला उठले. आपल्या घरात तेच आहे असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

डोक्यात आलं ते गाडीमुळं. एका दुपारी हे मोकळी गाडी घेऊन परत येत होते. दारूचा थेंब घेतला नव्हता, रात्री आठ तास झोपले होते. तरी चालवता चालवता डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून नालीत गेली. खांद्याला मार लागला, नशीब म्हणून दुसरं कोणी सापडलं नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, कोणाची तरी नजर लागली. मी म्हटलं, आठ तास झोपलेल्या माणसाला भर दुपारी डुलकी येते कशी? तिथून मी मागं लागले. गाडी, ट्रॅक्टर, एसटी, जे काही चालवणारं माणूस तुमच्या घरात असेल आणि ते घोरत असेल, तर हे कान देऊन ऐका. त्या झोपेची किंमत रस्त्यावर दुसऱ्याचं लेकरूही मोजू शकतं.

डॉक्टरांकडं जाण्याआधी मी दोन कामं केली. एक, रात्री मोबाइल उशाशी ठेवून आवाज रेकॉर्ड केला. दोन, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघून आवाज किती वेळ बंद राहतो ते गटाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. 14 सेकंद, 22 सेकंद, 19 सेकंद. हिशेब लिहायची सवय, दुसरं काय! कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ते पान पाहिलं आणि मला म्हणाले, ताई, अर्धं काम तुम्ही केलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. इतकी वर्षं कटकट म्हणून ऐकून घेतलेली गोष्ट कोणीतरी पुरावा म्हणून हातात घेतली.

डॉक्टर या आजारासाठी आठ प्रश्न विचारतात. तुम्हीही घरी विचारून बघा. बंद दाराबाहेर ऐकू येईल एवढं जोरात घोरतो का? दिवसा थकवा, पेंग येते का? झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिलं आहे का? बीपी आहे का? वजन फार जास्त आहे का? वय पन्नाशीच्या वर आहे का? गळ्याचा घेर 40 सेंटीमीटरच्या वर आहे का, म्हणजे टेपवर साधारण पावणेसोळा इंच? आणि शेवटचा, पुरुष आहे का? तीन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर डॉक्टरांना दाखवायचं, पाच-सहा आली तर उशीर करायचा नाही. यातला तिसरा प्रश्न बघा. तो घोरणाऱ्याला विचारून काही उपयोग आहे का? तो प्रश्न तुम्हाला विचारलेला आहे. त्याचं उत्तर तुमच्याशिवाय कोणाजवळ नाही.

आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरायला घरी येतात, तंबाखू विचारतात, दारू विचारतात, कमरेचा घेर मोजतात. त्याच वेळी घोरण्याचंही आपणहून सांगा. आधी आरोग्य केंद्रात बीपी, शुगर बघून घ्या, मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मोठ्या सरकारी दवाखान्यात काय काय होतं ते आधी विचारा, मगच खाजगीत पैसे घाला. झोपेची तपासणी म्हणजे एक रात्र अंगाला, बोटाला, नाकाला वायरी लावून झोपायचं. सुई नाही, चिरफाड नाही. काही ठिकाणी ते यंत्र घरीही देतात.

ह्यांना सीपॅप नावाचं मशीन सांगितलं. नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवेचा हलका दाब येतो आणि घशाची वाट उघडी राहते. 1981 साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी हा उपाय जगापुढं मांडला. सुरुवातीच्या मशीनला म्हणे व्हॅक्यूम क्लिनरची मोटर वापरली होती. आमच्या ह्यांनी मशीन पाहिलं आणि म्हणाले, "सोंड लावून झोपू काय म्या? लोक काय म्हणतीन?" आठ दिवस मशीन कपाटात. मग पोरगीच म्हणाली, बाबा, माझ्या परीक्षेपुरतं लावा. पोरीसाठी लावलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी उठून म्हणाले, आज डोकं जड नाही वाटत. त्यानंतर मला सांगावं लागलं नाही.

खर्चाचं लपवत नाही. मशीन, मास्क सगळं मिळून 38 हजार लागले. 15 हजार गटातून घेतले, शेकडा एक रुपया व्याजानं. हे म्हणत होते, माझ्या घोरण्यासाठी गावभर कर्ज? कारण काय लिहिणार? मी वहीत लिहिलं 'औषधोपचार'. माझीच वही, माझंच अक्षर. हप्ते फिटले. आता बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली आहे. आपल्या मनानं बंद केलेली नाही, हे नीट ऐका. मास्क रोज साबणाच्या पाण्यानं धुवावा लागतो. लाइन गेली की मशीन बंद पडतं, हे मास्क ओढून काढतात आणि गिरणी चालू होते. उन्हाळ्यात लाइन जाण्याचं प्रमाण तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे माझी प्रत्येक रात्र सुखाची झाली असं समजू नका.

सगळ्यांना मशीन लागत नाही. साध्या घोरण्याला घरचे उपाय चालतात, आणि त्यातला पहिला म्हणजे कुशीवर झोपवणं. झोपेत माणूस पुन्हा उताणा होतो, त्यासाठी जुन्या बनियनच्या पाठीला खिसा शिवा आणि त्यात पोरांचा रबरी चेंडू घाला. उताणं झालं की टोचतं, आपोआप कूस बदलते. आमच्या गटातल्या एका काकूंनी हे केलं. त्यांचा बुढा दोन दिवस चिडला, तिसऱ्या दिवशी आवाज निम्म्यावर. बाजेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली एकेक वीट ठेवली तरी फरक पडतो. एकावर एक दोन-तीन उशा देऊ नका, मान पुढं वाकते आणि वाट आणखी दबते. रात्रीचं जेवण थोडं लवकर. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरलं तरी आवाज उतरतो. दारूचं मी काय सांगू? सुटली तर सोनंच. नाही सुटली तर निदान पिऊन लगेच आडवं होणं किती वाईट, एवढं तरी डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. बायकोच्या तोंडून ते ऐकत नाहीत.

आणि काही गोष्टी करू नका. झोपलेल्या माणसाच्या नाकात तेल-तूप सोडू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. शांत झोपावं म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ नका. श्वास थांबणाऱ्या माणसाला ती घातक आहे, कारण तिनं घसा आणखी सैल पडतो आणि जाग यायला उशीर होतो. बोटातली अंगठी, नाकाची क्लिप, घोरणं बंद करणारं तेल असं काय काय बाजारात आणि मोबाइलवर विकायला असतं. मी स्वतः दोनशे रुपयांची अंगठी घेतली होती. आता ती पोरगी केसांच्या रबराच्या डबीत ठेवते.

आता तुमच्या झोपेबद्दल. ही गोष्ट आपण शेवटी ठेवतो, मीही बघा शेवटीच घेतली. तुम्ही पाचला उठता, पाणी भरता, डबे करता, निंदणाला जाता, संध्याकाळी परत चूल. रात्रीचे चार-पाच तास तरी तुमचे असावेत की नाही? कानात घालायचे मऊ बोळे मेडिकलमध्ये मिळतात. आपल्याकडं कापसाला काय तोटा, पण साधा कापूस खोल कोंबू नका, आत राहून जातो. ह्यांच्या आधी अर्धा तास झोपून बघा, एकदा गाढ झोप लागली की आवाज तेवढा बोचत नाही. तेवढ्यानं भागलं नाही, तर बाज वेगळी टाका.

इथं सगळ्या गप्प झाल्या, मला कळलं. वेगळी बाज म्हटलं की भांडण झालं, असं लोक समजतात. मी ओसरीत झोपायला लागले तर शेजारच्या आत्यांनी सासूबाईंना विचारलं, "काहून वो, सुनेचं अन् पोराचं जमत नाही काय?" सासूबाईंनी काय उत्तर द्यावं? म्हणाल्या, "तुम्हीच झोपून पाहा एक रात्र त्याच्यापाशी." त्या दिवशी मला सासूबाईंचे पाय धरावेसे वाटले. पण एक ध्यानात ठेवा. श्वास थांबणाऱ्या माणसाला एकटं टाकून बाज हलवायची नाही. आधी ऐकायचं, मोजायचं, डॉक्टरांना सांगायचं. मग खुशाल वेगळं झोपा. आणि नवऱ्याला दिवसा, चहा पिताना सांगा की राग नाही, झोप हवी आहे. रात्री दोन वाजता हलवून सांगितलेलं कोणालाच गोड लागत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि तिला हसायचं नाही. घोरणारी बाईसुद्धा असते. पाळी गेल्यावर बायकांचं घोरणं वाढतं. आपल्यातली एक बहीण, नाव सांगत नाही, कित्येक वर्षं लग्नाला जाते आणि रात्रीच परत येते, मुक्काम करत नाही. पाहुण्यांमध्ये आपला आवाज निघेल म्हणून. माहेरीसुद्धा राहत नाही. मला हे तिनं कानात सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला सकाळी डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं, दिवसभर अंग गळून जातं. सगळे म्हणतात रक्त कमी आहे, गोळ्या खा. असेलही कमी. पण झोपेचं कोणी विचारत नाही, आणि बाईनं आपणहून सांगावं तर लाज. पुरुष घोरला तर दमला असेल, बाई घोरली तर गावभर चेष्टा. तिला मी म्हटलं आहे, तुझ्यासोबत दवाखान्यात मी येते. गरोदरपणात एखादी नव्यानं घोरायला लागली, तर तेही नर्सताईंना सांगा, बीपी बघायला हवं. आणि लहान लेकरू रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, वर्गात पेंगत असेल, तर मारू नका, टॉन्सिल दाखवा.

बोलणं लांबलं, चहा उकळला आहे. ब्लाउज शिवायची टेप मी सोबत आणली आहे. तिच्यावर 40 सेंटीमीटरला लाल दोरा बांधला आहे. एकेकीनं घरी घेऊन जा, ह्यांच्या गळ्याचं माप घ्या, त्यांनी विचारलं तर शर्ट शिवायचा आहे म्हणा. वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहून पुढच्या बैठकीला टेप परत आणा. टेप एकच आहे, हरवू नका.